रणगाड्यातली चार माणसं

यंदाच्या हॉबी प्रदर्शनात माझा सेंच्युरियन रणगाडा पाहायला जो कोणी येई, त्याला मी एकच प्रश्न विचारत होतो. यात माणसं किती आहेत? जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, एक. वरच्या झाकणातून छातीपर्यंत बाहेर आलेला कमांडर तेवढा दिसतो, त्यामुळे उत्तर साहजिक होतं. पण माणसं चार आहेत. चौघांना हातपाय आहेत, चौघांना चेहरे आहेत आणि चौघंही रंगवलेले आहेत. उरलेल्या तिघांवर माझा पाऊण पावसाळा गेला, म्हणून हा लेख त्यांच्यासाठी.

आधी रणगाड्याबद्दल. 16 डिसेंबर 1971 रोजी शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे जी लढाई झाली, तिच्यात 17 पूना हॉर्स ही रेजिमेंट सेंच्युरियन रणगाडे घेऊन लढली. त्यांतल्या एकाचं नाव होतं फामागुस्ता, नंबर जेएक्स 202. त्याचे कमांडर सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. वय 21 वर्षं, कमिशन मिळून सहाच महिने झालेले. परमवीर चक्राच्या यादीत त्यांचं नाव आपण इथे आल्या आल्या पाठ करतो, म्हणून ती सगळी गोष्ट पुन्हा सांगत नाही. मराठी पानावर एवढं मात्र सांगितलं पाहिजे की त्यांचा जन्म पुण्याचा. शिकले सनावरच्या शाळेत, म्हणजे आपल्याच सोलन जिल्ह्यात. मग खडकवासला. आणि युद्धासाठी बोलावणं आलं तेव्हा ते नगरला रणगाडा दलाच्या शाळेत कोर्स करत होते. आता त्या नगरचं अहिल्यानगर झालंय, पण आमच्या घरी अजून नगरच म्हणतात. मी त्या नगरचा. ते सोलनहून नगरला पोचले, मी नगरहून सोलनला आलो.

माझे पप्पा रणगाडा दलातून दफेदार म्हणून निवृत्त झाले. ते टी-72 चे ड्रायव्हर होते. पुष्कळ फौजी घरी आल्यावर खूप बोलतात असं मित्रांकडून ऐकतो. आमच्याकडे उलटं आहे. गल्लीतल्या मुलांनी विचारलं, काका तुम्ही रणगाड्यात काय करता, तर पप्पा म्हणायचे, "गाडी चालवतो." बस. त्यावर मुलांचा चेहरा पडायचा, कारण गाडी तर शेजारचे टेम्पोवाले काकाही चालवतात.

मे महिन्याच्या सुट्टीत मी पप्पांबरोबर नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलो. हे संग्रहालय 1994 मध्ये सुरू झालं, आणि त्या आवारात देशोदेशीचे जुने रणगाडे उन्हात ओळीने उभे आहेत. तिथे सेंच्युरियनही आहे. किट हातात यायच्या आधी खरी वस्तू पाहिली पाहिजे असं हॉबीचे सर नेहमी सांगतात, ते का, हे मला तिथे समजलं. रुंदीच जवळजवळ 3.4 मीटर. वजन 50 टनांच्या वर. पुस्तकातल्या चित्रात तो बसका वाटतो, पण शेजारी उभं राहिलं की आपण त्याच्या चाकांवरच्या पत्र्यापाशीच संपतो.

मी तोफेची नळी आणि टरेट बघत होतो. पप्पा मात्र सरळ पुढे गेले आणि नाकापाशी उजव्या बाजूला थांबले. "ड्रायव्हर इथे," म्हणाले. "यांच्यात उजवीकडे बसतो. आमच्यात मधोमध." झाकण दोन दारांचं होतं, एखाद्या छोट्या कपाटासारखं. एवढ्यातून माणूस आत कसा जातो असं मी विचारलं. ते म्हणाले, "आत जायला काही नाही. घाईत बाहेर यायला लागतं तेव्हा कळतं." मग ते पाणी प्यायला निघून गेले.

किट मामांनी पुण्याहून आणून दिलं. प्रमाण 1:35, म्हणजे खऱ्या रणगाड्याचा पस्तिसावा भाग. या हिशेबाने रुंदी होते साधारण 97 मिलिमीटर, आणि पावणेसहा फुटी माणूस होतो पाच सेंटिमीटरचा. डबा उघडून मी सगळे भाग यादीशी ताडून पाहिले. माणसं निघाली दीड. एक कमांडर कमरेपर्यंत, आणि ड्रायव्हरचं फक्त डोकं आणि खांदे. तोफची नाही, लोडर नाही. कंपनीचंही चुकलं म्हणता येणार नाही, कारण बाहेरून दिसतं तेवढंच त्यांनी दिलेलं.

जून-जुलै चाकांमध्ये गेला. सेंच्युरियनला एका बाजूला सहा मोठी चाकं, आणि प्रत्येक चाक दुहेरी. म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून 24 चकत्या तोडा, घासा, रबराचा काळा काठ रंगवा. ज्याला हे काम कंटाळवाणं वाटतं त्याने रणगाड्याच्या वाटेला जाऊ नये, सरळ विमान करावं. हॉबी रूम उघडते बुधवारी आणि रविवारी. ब्लेड सरांकडून मोजून घ्यायची आणि मोजून परत द्यायची, कोतातल्या रायफलीसारखी. डॉर्ममध्ये रंग, थिनर काही न्यायला परवानगी नाही. त्यात इथला पावसाळा! मे महिन्यात नगरला अर्ध्या तासात वाळणारा रंग इथे ढग खिडकीतून आत आले की दोन दिवस चिकट राहतो. त्या चिकट रंगावर नेमका डास येऊन बसतो. माझ्या मॉडेलच्या इंजिनाच्या झाकणावर असा एक डास कायमचा आहे. वेदरिंग म्हणून खपून गेला.

माणसांचा विचार ऑगस्टमध्ये सुरू झाला. रविवारच्या फोनवर मी पप्पांना सांगत होतो की टरेट झालं, नळी झाली, एरियल करायला प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून केसासारखी ताणली. ते ऐकत होते. मग विचारलं, "ड्रायव्हर कुठाय?"

मी म्हटलं, पप्पा, लढाईत झाकण बंद असतं, तो दिसत नाही.

"दिसत नाही, पण आत तर आहे ना? नाहीतर गाडी चालवतंय कोण?"

पाच मिनिटं संपली आणि मागचा मुलगा रिसीव्हर मागू लागला. मी प्रेपला जाऊन बसलो, पण गणितात लक्ष लागलं नाही.

बसंतरच्या लढाईतला सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. रणगाड्याला गोळा लागून आग लागली, वायरलेसवर बाहेर पडण्याचा हुकूम आला, आणि खेत्रपालांनी सांगितलं की माझी तोफ अजून चालू आहे, मी रणगाडा सोडणार नाही. भाषणात, नाटकात, भिंतीवरच्या फलकावर आपण हे नेहमी वाचतो. त्या दिवशी प्रेपमध्ये मला पहिल्यांदाच वाटलं की तोफ चालू आहे याचा अर्थ काय ते नीट पाहावं. सेंच्युरियनची तोफ एकट्याने चालत नाही. कमांडर लक्ष्य शोधतो आणि सांगतो. त्याच्या पुढे आणि खाली, अगदी त्याच्या गुडघ्यांना पाठ लागेल असा तोफची बसतो. तो दुर्बिणीतून नेम धरतो आणि गोळा डागतो. नळीच्या डाव्या बाजूला लोडर असतो, तो गोळे भरतो आणि वायरलेसही तोच सांभाळतो. पुढे खाली, या तिघांपासून वेगळा, ड्रायव्हर. म्हणजे त्या एका वाक्यात चार माणसं आहेत. रणगाडा जळत असताना थांबण्याचा निर्णय एकाचा होता, आणि थांबले चौघं.

त्यांची नावं ड्रायव्हर प्रयाग सिंह, तोफची नथू सिंह, आणि वायरलेस व लोडर नंद सिंह. नंद सिंह आणि खेत्रपाल त्या दिवशी गेले. प्रयाग सिंह आणि नथू सिंह वाचले. ही नावं शोधायला मला वाचनालयात दोन रविवार लागले, आणि अरुण खेत्रपालांचं नाव शोधायला एक मिनिटही लागलं नव्हतं. तेव्हाच मी ठरवलं की चौघंही करायचे.

माझा बंकमेट रोहतकचा आहे, मुष्टियोद्धा आहे आणि स्पष्ट बोलतो. त्याला योजना सांगितली तर तो म्हणाला, "दिखेगा किसको?" प्रश्न रास्त होता. प्रदर्शनाला सात आठवडे उरले होते. रणगाड्यावर चिखल, धूळ, तेलाचे ओघळ, घासलेली धातू हे सगळं व्हायचं होतं, आणि परीक्षक नेमके त्यालाच गुण देतात. आत बसलेल्या माणसाला गुण नाहीत. त्यात हे गुण हाउसच्या खात्यात जातात. हाउस कॅप्टनने मला शांतपणे विचारलं की तू चिखल आधी करशील ना? मी म्हटलं, वेळ उरला तर. त्याला हे उत्तर आवडलं नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही आवडलं नसतं.

सरांनी जुन्या, मोडलेल्या किटांचा डबा उघडून दिला. त्यात जर्मन सैनिकांचे पाय होते, मोटारसायकलवाल्याचं धड होतं, एक हात गमावलेला ब्रिटिश अधिकारी होता. त्या सगळ्यांतून मी नथू सिंह आणि नंद सिंह जमवले. सांधे पुट्टीने भरले, टाचणीने कपड्यांच्या चुण्या काढल्या. लोडर सोपा गेला, कारण तो उभा आणि वळलेला आहे. तोफचीला वाकवताना त्याचं धड दोनदा कापून पुन्हा जोडावं लागलं.

ड्रायव्हर सगळ्यात अवघड. किटने डोकं दिलं होतं, पण खालचा माणूस कसा बसतो ते मला माहीत नव्हतं. मी पप्पांना पत्र लिहिलं. फोनवर हे जमलं नसतं. आठ दिवसांनी उत्तर आलं, त्यात वहीच्या पानावर बॉलपेनने काढलेलं चित्र होतं. पप्पांना चित्र काढताना मी कधी पाहिलं नव्हतं. माणूस म्हणजे काड्याच होत्या, पण गुडघे, टाचा, कोपर यांना बाण करून बाजूला लिहिलं होतं. गुडघे इतके वर येतात. पाठ पूर्ण टेकत नाही. मान पुढे. झाकण बंद झालं की सीट खाली जाते, मग जग चौकोनातून दिसतं. आणि सगळ्यात खाली, चित्राशी काही संबंध नसलेली एक ओळ होती, "ड्रायव्हरला लढाई दिसत नाही, कानात कमांडरचा आवाज असतो तेवढाच." पत्रात बाकी नेहमीचंच. अभ्यास कर, आई बरी आहे, कांद्याला भाव नाही.

मी लाइट्स आउटच्या आधी अभ्यासाच्या टेबलाखाली शिरून त्या चित्राप्रमाणे बसून पाहिलं. माझी उंची 168 सेंटिमीटर. दहा मिनिटांत पायाला मुंग्या आल्या. बंकमेटने वाकून पाहिलं आणि काही न बोलता स्वतःचे बूट पॉलिश करत बसला.

आता रंगाचं. मॉडेलच्या दुकानात चेहऱ्यासाठी 'फ्लेश' नावाची बाटली मिळते. आतला रंग गुलाबी असतो, सर्दी झालेल्या इंग्रजासारखा. आपल्या डॉर्ममध्ये मणिपूरपासून केरळपर्यंतचे चेहरे आहेत, पण त्या बाटलीतला एकही नाही. मग मी तपकिरी, पिवळसर मातकट आणि थोडा लाल असं मिसळून स्वतःच्या हाताच्या पाठीशी लावून पाहत गेलो. हात महिनाभर ठिपक्याठिपक्यांचा होता, एमआय रूममध्ये त्वचारोग समजून विचारणा झाली. चौघांना एकच रंग दिला तर चौघं भाऊ वाटतात, म्हणून प्रत्येकासाठी मिश्रण वेगळं केलं.

या प्रमाणात डोकं साडेसहा मिलिमीटरचं होतं. त्यावर आधी मधला रंग, तो पूर्ण वाळला की टोपीखाली, नाकाच्या बाजूला आणि हनुवटीखाली गडद, मग गालाचं हाड आणि नाकाचा शेंडा उजळ. डोळ्यांना पांढरा ठिपका देऊ नये. दिला की माणूस भूत पाहिल्यासारखा दिसतो. पापणीची एक गडद रेघ ओढली की पुरतं, कारण उन्हात माणूस डोळे बारीक करतोच. ब्रश तीन शून्यांचा. श्वास रोखून रेघ ओढायची, फायरिंग रेंजवर शिकवतात तशी. खरं सांगतो, नेमबाजीतला माझा ग्रुप या महिन्यात सुधारला.

चेहरे मी ओळखीच्या माणसांचे दिले. तोफचीला आमच्या पीटी उस्तादांचा जबडा आहे. नंद सिंहला मेसमधल्या, रात्री उशिरा आलेल्या मुलांसाठी पोळ्या झाकून ठेवणाऱ्या भैयांचा चेहरा दिला. ड्रायव्हर पप्पा आहेत. कपाळावर एक रेषा आहे, तिच्या वर रंग उजळ आणि खाली काळवंडलेला. पप्पांच्या कपाळावर ती अजून आहे, निवृत्तीनंतर चार वर्षांनीही.

झाकण उघडं ठेवायचं की बंद, यावर मी बराच विचार केला. उघडं ठेवलं असतं तर ड्रायव्हर सगळ्यांना दिसला असता, आणि एवढ्या मेहनतीनंतर मोह होतोच. पण लढाईत तो झाकणाखालीच होता. मी झाकण बंद ठेवलं, मात्र चिकटवलं नाही. तारेची बारीक बिजागरी करून दोन्ही दारं नखाने उघडतील अशी केली. टरेटही चिकटवलेलं नाही. थोडं फिरवून उचललं की खाली लटकवलेल्या गोल तळासकट तिघंही बाहेर येतात. नंबर आणि नाव मी हाताने लिहिलं. फामागुस्ताची इंग्रजीत नऊ अक्षरं आहेत आणि शेवटचं ए किंचित तिरकं आहे.

चिखल अर्धाच झाला. प्रदर्शनात तिसरा नंबर आला. पहिला आला तो पाणबुडीला, आणि ती खरोखर सुंदर होती. कार्डावर मी चार नावं लिहिली होती, पदाप्रमाणे वरखाली नाही, एका ओळीत. एका परीक्षकांनी कार्ड वाचलं, टरेट उचलून पाहायला सांगितलं, आणि मग बराच वेळ ते खाली ठेवलं नाही. नंबर त्यामुळे बदलला नाही. हाउस कॅप्टन दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

पालक दिनाला पप्पा दोन रात्रींचा प्रवास करून आले. काल्क्याहून वर येताना बस लागली म्हणून चेहरा उतरला होता. हॉबी रूममध्ये गर्दी होती. त्यांनी चष्मा लावला, कार्ड वाचलं, आणि मी काही सांगायच्या आत वाकून नखाने ड्रायव्हरची दारं उघडली. आत अंधार, म्हणून मी टॉर्च धरला.

"गुडघे बरोबर आलेत," ते म्हणाले.

मग दारं बंद केली, आधी डावं आणि मग उजवं. दुपारी जेवणानंतर आम्ही मैदानाच्या कठड्यावर बसलो होतो. तिथे त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. राजस्थानात रात्रीच्या सरावात दिवे बंद करून गाडी चालवायची, पुढच्या गाडीची धूळ तोंडात, आणि वाळूची टेकडी चढताना नाक वर गेलं की समोर फक्त आकाश. तेव्हा कमांडर सांगेल तसं चालवायचं. त्यांचे कमांडर हरयाणाचे होते, ते कधी ओरडले नाहीत. "ओरडला असता तर मी गाडी घातली असती कुठेतरी," पप्पा म्हणाले आणि हसले. तासभर बोलत होते. आईने मध्ये दोनदा चहाला हाक मारली.

गेल्या आठवड्यात घरून पाकीट आलं. त्यात त्यांच्या टी-72 समोरचा एक फोटो आहे, काळ्या डांगरीतली तीन माणसं. टी-72 मध्ये तिघंच असतात, गोळे यंत्र भरतं, लोडर नाही. फोटोच्या मागे तिघांची नावं, गावं आणि कोण कुठे बसायचा ते लिहिलंय. गनरच्या नावाखाली पप्पांनी नंतर वेगळ्या पेनने त्याचा रंगही लिहिला आहे, 'माझ्यापेक्षा गोरा, पण फार नाही'. किट अजून मिळालेलं नाही. मी मिश्रणं करून बाटल्यांवर नावं चिकटवून ठेवली आहेत.